माझ्या डोक्यावरची शपथ

नारायणगावात आमचं दुकान खाली होतं आणि घर वर. खाली अण्णा, म्हणजे माझे वडील, पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. वरच्या दोन खोल्यांत आई, अण्णा, मी आणि माझा धाकटा भाऊ विनू असे आम्ही चौघं राहायचो. सकाळी शटर वर जायचं तो खडखडाट आख्ख्या आळीला ऐकू यायचा. मग तांब्याची तार गुंडाळायच्या मशीनची टकटक सुरू व्हायची, वार्निशचा उग्र वास जिन्यावरून थेट स्वयंपाकघरात शिरायचा, आणि टेम्पोतून मोटार उतरवणारा कुणी तरी ओरडायचा, "भाऊ, सांजपातूर द्याच राव, टोमॅटो माना टाकाय लागल्यात." आई हे सगळं ऐकत भाकरी थापायची. तिचं कामाकडे जेवढं लक्ष असायचं तेवढंच खालच्या आवाजांकडे असायचं, हे मला फार लहानपणीच कळलं होतं.

कारण एखाद्या दुपारी ती टकटक मध्येच थांबायची. मग शटर अर्ध्यावर यायचं. सकाळी तेच शटर मोठा गाजावाजा करत वर गेलेलं असायचं, दुपारी मात्र चोरपावलांनी खाली यायचं. आईचे हात परातीत तसेच राहायचे. थोड्या वेळानं मोटारसायकल सुरू व्हायची, हायवेच्या दिशेला जायची आणि तिचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळून जायचा. कधी मोटारसायकल जायचीही नाही. अण्णा त्या अर्ध्या शटरच्या आत, अंधारात, एकटे मोबाइल घेऊन बसलेले असायचे, आणि गिऱ्हाईक बाहेरून हाका मारून कंटाळून निघून जायचं. तव्यावरची भाकरी करपलेली असायची. ती आई आम्हाला वाढायची नाही, स्वतःच्या ताटात घ्यायची. विनू जेवायचा, मी जेवल्यासारखं करायची, आणि शटर पुन्हा कधी वर जातंय याची आई आणि मी वाट बघत राहायचो.

घरात या गोष्टीला नाव नव्हतं. आळीत एक शब्द होता, नाद. "बाळूला नाद हाय," असं बायका अण्णांबद्दल नळावर बोलायच्या आणि मी दिसले की हंडे खणखणवायला लागायच्या. दारूचा नाद असता तर वास आला असता, पत्त्यांचा असता तर चार लोक दिसले असते. अण्णा तर पानसुद्धा खायचे नाहीत. शिवी देत नसत, आम्हाला कधी बोट लावलं नाही, संध्याकाळी जिना चढून आले की माझ्या डोक्यावर टपली मारून "काय शुभाबाई" म्हणायचे. असा माणूस हायवेवरच्या लॉजवर का जातो आणि तिथून परत येताना रडलेल्या डोळ्यांनी का येतो, हे कोडं मला सुटत नव्हतं. पुढे मोठी झाल्यावर मला कळलं की त्याला लैंगिक व्यसन म्हणतात, त्याच्यावर उपचार असतात आणि आमच्या घरासारखी कितीतरी घरं आहेत. तेव्हा मात्र आम्हाला वाटायचं, जगात हे एवढं एकच घर.

बेल्ह्याची आत्या यात शिरली ती अशी. तिचे यजमान बैलबाजारात दलाली करायचे. बाजाराच्या गर्दीत कुणी तरी त्यांना हसत हसत म्हणालं, "पावणं, तुमच्या मेव्हण्याची गाडी लॉजम्होरं लई दिसती." आत्या दुसऱ्याच दिवशी जीपनं आली. ती अण्णांपेक्षा मोठी, आवाजानं तर फारच मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निदान करून टाकलं: अंगातली उष्णता. तिनं आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लसूण बंद, अंडी बंद, मटण तर नावालाही नाही, मिरचीचा ठेचा पाट्यावरून हद्दपार. रोज दुधी भोपळा, ताकभात, भिजवलेला सब्जा आणि झोपताना गुलकंद. गुन्हा अण्णांचा आणि भोपळा आम्हा सगळ्यांना. विनूनं एकदा विचारलं, "आत्या, गरम कुणाला पडलंय?" तर त्याला दुधाचा पेला देऊन बाहेर पाठवलं. अण्णा मुकाट्यानं ते सगळं खायचे. घरधनी नव्हे, गुन्हेगार जेवायला बसलाय असं त्यांचं ताट दिसायचं. भोपळ्याचा हंगाम संपला तरी शटर अर्ध्यावर यायचं थांबलं नाही.

शपथेच्या दिवशी आई सकाळीच मंचरला गेली होती. कशाला, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. नंतर कळलं की ती रक्त तपासून घ्यायला गेली होती. नवरा बाहेर कुठे कुठे जातो, त्याचं काय काय घरी येऊ शकतं, हे तिला दवाखान्यातल्या एका नर्सनं बाजूला घेऊन सांगितलं होतं. ती परत आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. आत्या म्हणाली, "काय म्हनलं?" आई म्हणाली, "काय न्हाई निघालं." एवढंच बोलून ती भिंतीला टेकून बसली आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. रिपोर्ट चांगला आला होता, पण तो येईपर्यंत तिनं बाकावर बसून जे भोगलं होतं ते तिच्या अंगातून गेलं नव्हतं. दोन पोरं मागे ठेवून आपण मरायचं, तेही दुसऱ्याच्या पापानं, हा विचार एकदा आत शिरला की रिपोर्टनं तो बाहेर निघत नाही. हे ती मला पुष्कळ वर्षांनी बोलली.

आत्यानं अण्णांना वर बोलावलं. त्यांचे हात तेलकट होते, ते पुसतच आले. आत्यानं देव्हाऱ्यापुढे उभं केलं. अण्णा म्हणाले, "आक्का, देवाची शपत घेतो." आत्या म्हणाली, "देवाची कवाच घेतली व्हती तू. देव लांब ऱ्हातो. पोराची घे." विनूला वाटलं काही तरी खेळ आहे, तो पुढे झाला. आत्यानं त्याचा दंड धरून मागे ओढला. "तू न्हाई. तू एकलाच हाईस." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे सारलं. त्या एका ढकलण्यात माझी घरातली किंमत मला जेवढी कळली तेवढी नंतर कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी आईकडे बघितलं. मला खात्री होती की ती उठेल, मला ओढून घेईल, वन्संना चार शब्द सुनावेल. आई उठली खरी. ती माझ्याजवळ आली, अण्णांकडे बघितलं आणि म्हणाली, "ठिवा हात हिच्या डोक्यावर. म्हना, पुन्हा त्या वाटंला गेलो तर ही मला दिसनार न्हाई."

अण्णांचा हात माझ्या डोक्यावर आला. वार्निशचा वास आणि जड तळवा. "शुभाची शपत," ते म्हणाले. पुढचं त्यांना म्हणवेना. आईनं ते त्यांच्याकडून शब्द न् शब्द म्हणवून घेतलं. मला आत्याचा राग आला नाही, आईचा आला. तो किती तरी वर्षं टिकला. आज मला स्वतःला मुलगी आहे आणि मंचरच्या त्या बाकावर बसलेली आई मला दिसते, तरी तो राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

शपथेचे नियम आम्हा शाळकरी पोरींना पाठ होते. वर्गात कुणी "तुला माझी शपथ" म्हटलं की दुसरीनं लगेच तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, "सुटली म्हण." जिनं घातली तिनंच "सुटली" म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. ती म्हणेपर्यंत आम्ही तिला घरी जाऊ द्यायचो नाही, एसटी चुकली तरी बेहत्तर. खेळातल्या शपथेला जर एवढं, तर देव्हाऱ्यापुढच्या शपथेला किती. आत्या बेल्ह्याला गेल्यावर आई पाणी भरत असताना मी तिचा पदर धरला. "आई, सुटली म्हण ना." तिनं हंडा खाली ठेवला. तिला सगळं समजलं होतं. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "तेवढी एकच दोरी हाय माझ्या हातात." हंडा उचलून ती जिना चढून गेली.

मग मी माझ्या अंगाकडे कान लावून जगायला लागले. साधा खोकला आला तरी मी कपाळ चाचपून बघायची. हायवे ओलांडताना दोन्ही बाजूंना बघून झालं तरी पाय उचलायचा नाही, कारण अण्णा या क्षणी कुठे आहेत ते मला माहीत नसायचं. शाळेत बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि मी हाताची नाडी धरून बसायची. शाळेची सहल लेण्याद्रीला गेली. पायऱ्या चढताना सगळ्याच पोरी धापा टाकत होत्या, पण माझं काळीज जोरात धडधडायला लागलं आणि मला वाटलं, आत्ता, याच क्षणी, तिकडे शटर खाली आलंय. मी पायरीवरच बसले. माकडानं माझ्या हातातली काकडी नेली, पोरी हसून लोळल्या, "शुभी माकडाला भ्याली." मी त्यांना तसंच समजू दिलं. वर गणपतीपुढे हात जोडले तेव्हा मी बुद्धी मागितली नाही, मार्क मागितले नाहीत. अण्णांना आज दुकानात बसव, एवढंच मागितलं.

माझ्या अंगापेक्षाही जास्त लक्ष मी अण्णांच्या तोंडाकडे ठेवायची. सुरुवातीला काही दिवस खालची टकटक अखंड चालली. आईनं पुन्हा लसूण आणला, ठेचा केला. पण अण्णांनी माझ्या डोक्यावर टपली मारायचं बंद केलं. जिना चढून आले की माझ्या बाजूनं न येता विनूच्या बाजूनं आत जायचे. मी शिंकले की हातातला घास तसाच राहायचा. बाजारातून माझ्यासाठीच द्राक्षं आणायचे, पण माझ्या हातात द्यायचे नाहीत, ओट्यावर ठेवायचे. आई म्हणायची, "बघ, किती काळजी घेत्यात तुझी आता." शपथ मोडलेला माणूस कसा वागेल ते मला त्यांच्याकडे बघून कळत होतं. आणि ते आईला सांगायचं म्हणजे माझ्या मरणाची बातमी मीच तिला सांगायची, असं ते अवघड होऊन बसलं होतं.

परीक्षेच्या आधी मला ताप भरला. घरचे उपाय झाले, गोळ्या झाल्या, ताप हटेना. शेवटी गावातल्या एका लहानशा हॉस्पिटलात ठेवलं, टायफॉइड निघाला. मला त्या दिवसांतलं तुटक तुटक आठवतं. सलाईनची बाटली, आईचा गार हात, पेजेचा नको वाटणारा वास, आणि दारात उभे असलेले अण्णा. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आत येत नव्हते. मी म्हणाले, "अण्णा, या ना." त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते मागे फिरले. आईला वाटलं औषधं आणायला गेले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. फोन बंद. दुकानाचं शटर पूर्ण खाली.

आधी आईला तीच शंका आली, हायवेची. माझ्या उशाशी बसून ती दात आवळून पुटपुटत होती. मग हळूहळू तिचं पुटपुटणं बंद झालं. अण्णा मोटारी काढायला नेहमी विहिरींवर जायचे. आसपासच्या किती विहिरी खोल आहेत, कुठल्या विहिरीवर दुपारी माणूस नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं कुणाला तरी "विहिरींकडं बघा जरा" असं म्हटलेलं मी तापात ऐकलं. तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: शपथ माझी होती, मग मरायला ते का गेले?

दुसऱ्या दिवशी आत्या त्यांना घेऊन आली. ते बेल्ह्याला तिच्या गोठ्यात जाऊन बसले होते, न खातापिता. आत्या, जी श्वास घ्यायलासुद्धा बोलणं थांबवायची नाही, ती त्यांचा हात धरून गप्प उभी होती. अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि एकच वाक्य म्हणत राहिले, "मी मारली पोरीला. मी मारली." हॉस्पिटलचे डॉक्टर, तरुणच होते, राउंड घेत तिकडून चालले होते. ते थांबले. अण्णांना खोलीत घेऊन गेले आणि पेशंटची रांग तशीच ठेवून बराच वेळ दार लावून बसले. बाहेर आले ते थेट आईकडे. "मुलगी बरी होतेय. तिला टायफॉइड झालाय, तो पाण्यातून होतो, शपथेतून नाही. पण तुमच्या मिस्टरांना लगेच उपचार हवेत. पुण्यात मनोविकाराच्या एक डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देतो. तोवर त्यांना एकटं सोडू नका."

आत्याला वाचा फुटली. "आजार कसला डॉक्टर, मस्ती हाय ती."

डॉक्टर म्हणाले, "मस्तीत माणसाला मजा वाटते, आजी. यांना मजा वाटतेय असं तुम्हाला दिसतंय का?" आत्यानं भावाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ती त्या दिवसापासून उष्णतेचं नाव काढायची थांबली.

मग दर आठवड्याला अण्णा एसटीनं पुण्याला जायला लागले. आळीला काय सांगायचं, हा मोठाच प्रश्न होता. आईनं सांगून टाकलं, "शुगर निघालीय." लोकांनी ते फार मनावर घेतलं. ज्याच्या त्याच्या घरी अण्णांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा व्हायला लागला. गोड खाणारा माणूस, पण बासुंदीच्या पंगतीत लोक त्यांच्या पानावरची वाटी प्रेमानं उचलून न्यायचे. ते निमूटपणे कडू चहा पीत राहिले. मला त्या वेळी हसूसुद्धा यायचं नाही. आज ते आठवलं की येतं.

पुण्याच्या डॉक्टर बाईंनी अण्णांना गोळ्या दिल्या, साधा बटणांचा फोन घ्यायला लावला, दुकानाचं शटर दिवसा खाली घ्यायचं नाही असं ठरवून दिलं. त्यांच्यासारख्याच माणसांच्या बैठकीत बसवलं. अण्णांना वाटायचं आपल्यात काही तरी घाण आहे जी उसळी मारते. बाई विचारायच्या, शटर खाली घेण्याच्या आधी काय झालं होतं? मग निघायचं, गिऱ्हाईक अंगावर आलं होतं, मोटार दुसऱ्यांदा जळून परत आली होती, घरात आई बोलत नव्हती. मन घाबरलं की ते त्याच एका बिळाकडे पळायचं, आणि बिळातून बाहेर आलं की आधीपेक्षा जास्त घाबरलेलं असायचं. त्यांनी आईलाही बोलावून घेतलं. आई गेली ती चिडून, "आजारी ते, मी कशाला?" बाईंनी तिला विचारलं, शेवटची शांत झोप कधी लागली होती. आई म्हणे तिथं खूप रडली. ती रोज शर्टांचा वास घ्यायची, फोन चाळायची, खिसे उलटे करायची, शटरच्या आवाजावर जगायची. बाई म्हणाल्या, यात तुमचा काही दोष नव्हता, तुम्ही त्यांना यातून ओढून काढू शकला नसता आणि राखण करूनही थांबवू शकणार नाही. राहायचं की जायचं हे तुम्ही ठरवा, पण ठरवायला आधी डोकं ठिकाणावर हवं. अण्णा काही महिने खाली दुकानात झोपले. तेही बाईंनी दोघांना विचारूनच ठरवलं होतं.

एक नियम मात्र पाळला जात नव्हता. पाय घसरला तर लपवायचं नाही, येऊन सांगायचं. अण्णा तिथं बसून दर वेळी म्हणायचे, सगळं ठीक आहे. आणि एका दुपारी आईनं ते शटर पुन्हा अर्ध्यावर आलेलं ऐकलं. ती खाली गेली नाही. तिनं आमचे कपडे पिशवीत भरले आणि आम्हाला घेऊन माहेरी गेली, डिंभ्याच्या वर, आंबेगावच्या डोंगरातल्या मामाच्या गावाला. मला वाटलं, झालं, घर संपलं, आणि आता शपथही खरी होणार.

भातझोडणीचे दिवस होते. खळ्यावर फळी टाकलेली, त्यावर पेंढ्या आपटायच्या, भात खाली सांडत राहायचं. आई दिवसभर झोडत होती. मामा म्हणाला, "ताये, जरा दमानं घी." ती थांबली नाही. पेंढी आपटता आपटता ती त्याला म्हणाली, "ती डाक्टरीन काय म्हनती ठाव हाय का? म्हनती पोरीवरची शपत काढा. म्हनती त्या शपतीनं त्यांचं तोंड शिवलंय, खरं सांगितलं तर पोरीला मारल्यागत व्हतं, म्हनून खोटं बोलत्यात. आन् शपत काढली तर? मोकळाच झाला की त्यो. मंग माझ्या हातात काय ऱ्हायलं?" मी पेंढ्या पुरवत उभी होते. आई माझ्याकडे न बघता पुढची पेंढी घ्यायला हात पुढे करत होती, आणि माझा जीव तिच्या एका शब्दावर अडकलेला होता. तो शब्द तिला ठाऊक होता. मला ठाऊक होता. ती बोलत नव्हती.

दोन-तीन दिवसांनी अण्णा आले. जीप खालीच थांबते, तिथून चढण चढून आले होते. मामानं पाण्याचा तांब्या दिला आणि तो बैलांकडे निघून गेला. अण्णा खळ्याच्या कडेला उभे राहिले. आई झोडतच होती. सगळीकडे भाताची कुसं उडत होती, तिच्या केसांत, पापण्यांवर. हातातली पेंढी संपली तेव्हा तिनं दुसरी मागितली नाही.

"शुभे, हिकडं ये."

मी गेले. ती अण्णांना म्हणाली, "ठिवा हात हिच्या डोक्यावर."

अण्णांनी दोन्ही हात मागे घेतले. "नगं सुमन. दुसरं कायबी कर. पुन्हा ती शपत नगं. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मलाही तेच वाटलं, की आता आणखी एक शपथ, पहिल्यापेक्षा मोठी. मी डोळे घट्ट मिटले.

"ठिवा म्हनते ना."

हात डोक्यावर आला. वार्निशचा तोच वास, तोच जड तळवा. आईनं माझी हनुवटी धरली. तिचे तळवे पेंढ्यांनी सोलवटले होते, ते मला टोचले. "सुटली," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, नीट ऐकू जाईल असं. "पोरीवरची शपत सुटली. मी घातली व्हती, मीच सोडली. आता हिला काय व्हायचं न्हाई." मग अण्णांकडे वळून म्हणाली, "आता खरं सांगा. म्या हितं ऱ्हायचं का घरी यायचं, ते मी तुमचं खरं ऐकून ठरवनार."

अण्णा पेंढ्यांवर बसले. हात अजून माझ्या डोक्यावर होता, काढायचं त्यांना सुचलं नसावं.

"कवा मोडली पहिल्यांदा?" आईनं विचारलं.

"त्याच आठवड्यात," अण्णा म्हणाले. "घेतली त्याच आठवड्यात मोडली, सुमन."

मी तिथं उभी राहून मागे मागे जात राहिले. हायवे ओलांडताना, लेण्याद्रीच्या पायरीवर बसले तेव्हा, वर्गात नाडी धरून बसायची तेव्हा, शपथ मोडलेलीच होती. मी एवढं सगळं वर्ष मेलेली असायला हवी होते आणि मी वर्गात इंग्रजीत पहिली आले होते. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं, आणि अण्णाही रडायला लागले. आई रडली नाही. ती त्यांच्या समोर, थोडं अंतर ठेवून बसली, गुडघ्याला हातांची मिठी घालून. पुढचं सगळं ऐकायची तिची तयारी दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती, माफीही नव्हती, भीती मात्र होती, उघड, आणि अण्णांच्याही चेहऱ्यावर तीच.

ती आम्हाला घेऊन लगेच परत गेली नाही, भाताचं काम उरकल्यावर गेली. त्यानंतरही अण्णांचा पाय एकदा घसरला, तो त्यांनी स्वतः पुण्याला जाऊन सांगितला आणि मग आईला सांगितला. ती दोन दिवस जेवली नाही, पण शर्टाचा वास तिनं घेतला नाही. आज अण्णा साठीच्या पुढे आहेत, आठवड्याच्या बैठकीला अजून जातात. मी माहेरी गेले आणि दुपारी खालची टकटक थांबली, तर अजूनही आई आणि मी बोलायचं थांबतो. गिऱ्हाईकाशी बोलायला थांबले असतील, चहाला गेले असतील. टकटक पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत नाही. हे जात नाही.

त्या दिवशी खळ्यावर आईनं मला तिथून पाठवून दिलं. पुढचं पोरीनं ऐकायचं नव्हतं. मी डोळे पुसत निघाले, केसांत अण्णांच्या हाताचा वास घेऊन. दहा पावलं गेले असेन तोच तिनं मागून हाक मारली.

"शुभे, मामीला म्हनावं चा टाक. आन् ह्यांच्या चात साखर घाल म्हनावं. ह्यांना शुगर न्हाई."